रिकाम्या खुर्चीला विचारलेला प्रश्न

ज्याला ऐकून घेता येत नाही, नेमका त्याच्याच हाती माइक का पडतो, हे एकदा देवाला विचारायला हवं. त्या वृत्तवाहिनीच्या कचेरीत माइक टेबलावर ढिगाने पडलेले असत. प्रत्येकाला वाहिनीच्या रंगाची चौकोनी टोपी घातलेली. ते उचलून रोज चारी दिशांना माणसं धावायची, आणि त्यांतल्या एकालाही समोरचा माणूस बोलतो म्हणजे नेमकं काय करतो याची कल्पना नव्हती. त्यांच्या लेखी समोरचा माणूस म्हणजे ‘बाइट’. बाइट मिळाला का, बाइट रडका आहे का, बाइट लांबलाय, छाट त्याला. माणूस बिचारा आपलं बोलून घरी जायचा, जेवायचा, झोपायचा. यांच्या यंत्रात त्याचा एक तुकडा अडकून राहायचा, आणि त्याला वाटायचं, आपण सगळं सांगितलं.

अशा ठिकाणी बिट्टी शिकायला गेली.

बिट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव कॉलेजच्या हजेरीपुरतं. पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला होती. सुट्टीत कुठल्यातरी वाहिनीत उमेदवारी करायची आणि ‘काम समाधानकारक’ असा शेरा घेऊन यायचं, त्याशिवाय वर्ष पुरं होत नाही, असा तिच्या कॉलेजचा नियम. पोरगी आनंदाने गेली. तिला लहानपणापासून एकच वेड होतं, कोणी मनापासून बोलायला लागलं की तिथून हलायचं नाही. वाणसामान आणायला पाठवली की दुकानदाराच्या मुलीच्या बाळंतपणाची हकिकत ऐकून यायची, आणि साखर विसरायची. आई वैतागायची, पण मावशी म्हणायची, “असू दे गं. ऐकणारं माणूस घरात एखादं असावं. बाकी आपण सगळे बोलतोच की.”

कचेरीत पहिल्या दिवशी तिला चहा आणायला सांगितलं, दुसऱ्या दिवशी वायर गुंडाळायला, तिसऱ्या दिवशी परत चहा. त्यात तिला काही कमीपणा वाटला नाही. कमीपणा वाटला तो ज्यांना चहा द्यायचा त्यांच्याकडे बघून. बातम्या वाचणारी बाई पडद्यावर अपघाताची बातमी सांगताना भुवया अशा काही जवळ आणायची की बघणाऱ्याला गहिवरून यावं, आणि जाहिराती सुरू झाल्या की त्याच भुवयांनिशी विचारायची, “माझा चार्जर कोणी ढापला?”

आणि तिथला मुख्य वार्ताहर, त्याला सगळे ‘वादळ’ म्हणत. हे नाव त्याने कमावलेलं होतं. किनाऱ्यावर मोठं वादळ येणार होतं तेव्हा हा तिथे पोचला आणि वादळ दिशा बदलून दुसरीकडेच गेलं. झाडाचं पान हलेना. तेव्हा या पठ्ठ्याने गाडीच्या ड्रायव्हरला खोक्याचा पुठ्ठा घेऊन शेजारी उभं केलं, केस उडतील असा वारा घालायला लावला, आणि वाकून, डोळे बारीक करून ओरडला, “इथे उभं राहणंही अशक्य झालंय!” ड्रायव्हर मात्र चित्राच्या कडेबाहेर अगदी व्यवस्थित उभा होता. हे वादळसाहेब स्वतःच कौतुकाने सांगायचे. खोटं पकडलं गेल्यावर माणूस ओशाळतो, हे आपल्याला माहीत आहे. पण खोटं मिरवणाऱ्याचं काय करायचं?

तर या वादळाबरोबर बिट्टीला बाहेर पाठवू लागले, आणि तिथे तिला ‘उलटा शॉट’ कळला.

समजावून सांगितलं ते कॅमेरावाल्या काकांनी. थकलेला, भला माणूस, पाठीला पट्टा बांधून काम करायचा. म्हणाले, “हे बघ, कॅमेरा आपला एक. मुलाखत चालू असते तेव्हा तो बोलणाऱ्याच्या तोंडावर. मग प्रश्न विचारणारा दिसायचा कधी? म्हणून मुलाखत संपली की त्या माणसाला म्हणायचं, या आता. तो गेला की कॅमेरा फिरवायचा, आणि साहेबांनी तेच प्रश्न रिकाम्या खुर्चीला परत विचारायचे. मान डोलवायची. मग आत कात्री चालवणारे दोन्ही जोडतात. बघणाऱ्याला वाटतं, समोरासमोर चाललंय.”

“म्हणजे मान खुर्चीकडे बघून डोलवतात?”

“खुर्ची, भिंत, झाड. जे असेल ते.”

“आणि माणूस बोलत असतो तेव्हा?”

“तेव्हा मोबाइल बघतात,” काका म्हणाले आणि वायर गोळा करू लागले.

बिट्टीने हे डोळ्यांनी पाहिलं. एका म्हाताऱ्याचं घर जळालेलं. तो सांगत होता, सांगता सांगता थांबत होता, आणि वादळ अंगठ्याने मोबाइलवर काहीतरी वर सारत होता. म्हातारा गेल्यावर हा सरसावून बसला आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून त्याचे डोळे असे काही भरून आले की बिट्टीला वाटलं, धावत जाऊन म्हाताऱ्याला परत आणावं आणि दाखवावं, बघा आजोबा, तुमच्यासाठी रडतायत, फक्त तुम्ही नसताना.

एका सकाळच्या बैठकीत संपादकांनी नेहमीचा प्रश्न टाकला, “आज रडवणारं काय आहे?”

कोणाकडे काही नव्हतं. एकाने गटारात अडकलेलं कुत्रं सुचवलं. संपादक म्हणाले, “कुत्रं परवाच झालं.” आणि बिट्टीच्या तोंडून निघून गेलं, “सर, माझ्या मावशीने काल एका मुलाला वाचवलं.”

आजवर तिच्याकडे कोणी मान वळवून बघितलं नव्हतं. आता सगळ्या माना वळल्या. पोरगी लाजली, फुलली आणि सांगत सुटली. मावशी पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक आहे. शिकाऊ मुलांच्या तुकडीतला एक छोटा मुलगा काठावरचा हात सोडून खोल बाजूला गेला, दिसेनासा झाला. मावशी कपड्यांनिशी आत गेली, त्याला वर काढला, उलटा धरून थोपटला, पोर खोकलं आणि रडायला लागलं.

“मेलं नाही?” संपादकांनी विचारलं.

“नाही सर! घरी गेलं. आज म्हणे परत पोहायला जायचं म्हणतंय.”

“हं,” संपादक म्हणाले. त्या ‘हं’मध्ये थोडी निराशाच होती. “वादळ, जाऊन ये. आईचे अश्रू, बाईचे अश्रू, काय मिळतात बघ.”

मावशीला तयार करायला मात्र बिट्टीला घाम फुटला. मावशी आडव्या खांद्याची, कानापर्यंत कापलेल्या केसांची, आवाज शिट्टीसारखा खणखणीत. लग्न केलं नाही, पाण्यावर प्रेम केलं. फोनवरच म्हणाली, “मला नाही यायचं त्या डबड्यात. मी केलं काय वेगळं? पगार त्याचाच घेते.”

“मावशी, माझं पहिलं काम आहे गं. मी सुचवलंय.”

“बरं बाई. पण माझे शब्द सरळ जातील ना? मला गोलगोल बोलता येत नाही.”

“मी असेन ना तिथे!” बिट्टी म्हणाली.

तलावाकाठी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या मांडल्या. मावशी जीवरक्षकाचं लाल जाकीट घालून बसली, गळ्यात शिट्टी, आणि नजर सारखी पाण्याकडे.

“मॅडम, इकडे बघा,” वादळ म्हणाला.

“इकडे बघितलं तर तिकडे कोण बघेल?”

“दोनच मिनिटं. मॅडम, ते मूल दिसेनासं झालं आणि तुम्ही खोल पाण्यात उडी टाकलीत. तुमच्या मनात धडकी भरली नाही?”

मावशी खो खो हसली. “नाही. कशाला? पोरं गटांगळ्या खातातच, इथे रोजचं आहे ते. म्हणून तर मी पाण्यावरून डोळा काढत नाही. धडकी भरायला वेळ आहे कुणाला? ती रात्री घरी जाऊन भरते. तेव्हा पाणी पिते आणि झोपते.”

“म्हणजे रडलात तुम्ही रात्री?”

“पाणी प्यायले म्हटलं मी.”

वादळने अजून दोन-चारदा खणून पाहिलं. विहीर कोरडीच. मूल गेलं असतं तर काय वाटलं असतं, असं विचारल्यावर मावशी म्हणाली, “गेलं नाही ना? मग अपशकुनी कशाला बोलता?” तेवढ्यात पुढची तुकडी आली. मावशी उठली, कामाला अडचण होते म्हणून जाकीट खुर्चीवर टाकलं आणि शिट्टी वाजवत निघून गेली.

वादळने कानातल्या यंत्रातून संपादकांना गाठलं. “सर, बाई सपाट आहे. अश्रू शून्य. हसतेय.” पलीकडून काहीतरी आलं. हा थबकला, मग हसला. “हां. हां सर. कळलं.”

त्याने बिट्टीकडे बोट केलं. “ए, ते लाल जाकीट घाल आणि त्या खुर्चीत बस. पाठमोरी. खांदा दिसला की बाई समोर बसलीय असं वाटतं.”

बिट्टीने मावशीचं ओलसर जाकीट घातलं. क्लोरिनचा वास. काकांनी तिच्या खांद्यामागे कॅमेरा लावला. वादळने केस सारखे केले, चेहरा गंभीर केला, आणि बिट्टीच्या डोळ्यांत बघून म्हणाला, “मॅडम, एक कोवळं मूल तुमच्या डोळ्यांदेखत बुडत होतं. तुम्हाला काहीच वाटलं नाही?”

बिट्टी पुढे सरकली. “सर, तुम्ही असं नव्हतं विचारलं.”

“हलू नकोस! खांदा हलला. काका, परत.”

“पण सर, प्रश्न—”

“अगं, तेच ते. शब्द जरा घट्ट केले. कॉलेजात हे शिकवत नाहीत, म्हणून तर इथे पाठवतात तुम्हाला. बस सरळ.”

ती सरळ बसली. काकांनी कॅमेऱ्यात डोळा खुपसला तो वर काढलाच नाही. वादळने प्रश्न परत विचारला, आणि मग शांतपणे, दुःखाने, समजूतदारपणे मान डोलवली. समोरच्या पोरीचा चेहरा उतरला होता, तो त्याला दिसला नाही.

संध्याकाळी घरी सगळे पडद्यासमोर बसले. आई, बिट्टी, आणि कामावरून आलेली मावशी, कपातला चहा फुंकत. शेजारच्या काकूही आल्या होत्या, मुद्दाम केस विंचरून, जणू त्याच दिसणार होत्या. बिट्टी परतीच्या वाटेवर स्वतःची समजूत घालत आली होती. इतकी माणसं असतात आत, इतके डोळे, कोणीतरी बघेलच की. तिने अजून त्या जागेला नीट ओळखलं नव्हतं.

आधी लाल अक्षरं आली: मूल बुडत होतं, रक्षक हसत होती. मग ढोल बडवल्यासारखं संगीत. मग वादळचा करुण चेहरा, पुढ्यात लाल खांदा.

“एक कोवळं मूल तुमच्या डोळ्यांदेखत बुडत होतं. तुम्हाला काहीच वाटलं नाही?”

आणि मावशी, पडदाभर, खो खो हसून, “नाही. कशाला? पोरं गटांगळ्या खातातच, इथे रोजचं आहे ते.”

तिथेच कापलं. वादळने मान डोलवली. बातम्या वाचणाऱ्या बाईने भुवया जवळ आणल्या आणि विचारलं, अशांच्या हाती आपली मुलं सुरक्षित आहेत का?

शेजारच्या काकू हळूच उठल्या. “दूध गॅसवर ठेवलंय,” म्हणाल्या. तो हसता-बोलता शेजार एका क्षणात दारापलीकडे गेला.

मावशीने कप खाली ठेवला. “हे मी म्हटलं?”

“म्हटलंस,” बिट्टी म्हणाली, “पण ह्या प्रश्नाला नव्हे.”

“तू होतीस ना तिथे?”

तोवर आई पडद्याजवळ गेली होती. बातमी परत दाखवत होते. एकदा पाजलेलं विष पुन्हा पुन्हा पाजायची त्यांची रीतच आहे. आई चष्मा सावरत म्हणाली, “ही वेणी कुणाची?”

लाल जाकिटाच्या खांद्यावर एक जाडजूड वेणी पडली होती. खाली निळा रबर.

“हिचे केस उभ्या जन्मात कानाखाली गेले नाहीत,” आई म्हणाली. मग तिने लेकीच्या पाठीकडे बघितलं.

सकाळी तलावाच्या व्यवस्थापकाने मावशीला दारातच गाठलं. हा गृहस्थ मावशीला कितीतरी वर्षं रोज बघत होता. तिने बाहेर काढलेली पोरं त्याच्या डोळ्यांसमोर मोठी झाली होती. तरी म्हणाला, “मला माहीत आहे हो तुम्ही कशा आहात. पण टीव्हीवर आलंय. पालकांचे फोन वाजतायत. तुम्ही सध्या घरीच थांबा. त्या वाहिनीनेच चुकलं म्हटलं तर बघू. नाहीतर दुसरं माणूस शोधावं लागेल.” स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नाही, डबड्यावर आहे! देवाने दिलेले डोळे असे बिनकामाचे करून टाकणारी माणसं पाहिली की राग येतो तो त्यांच्यावरच येतो, देवावर येत नाही.

मावशी घरी येऊन खुर्चीवर बसली. एरवी ती दिवसा बसलेली कोणी पाहिली नव्हती.

बिट्टी तडक कचेरीत गेली. वादळ आरशासमोर जाकिटाची कॉलर नीट करत होता. वर सूट, खाली घरातली अर्धी चड्डी, कारण टेबलाखालचं दिसत नाही.

“काय गं! मावशी घराघरांत पोचली की तुझी. पेढे— नाही, चहा तरी पाज.”

“तिची नोकरी जातेय, सर.”

“अरेरे,” वादळ म्हणाला. म्हणतानाही त्याची नजर आरशातच. “पण बघ, आता तिची बाजू मांडायला बोलावू आपण. अजून एक भाग होईल.”

तिच्या मनात आलं, या माणसाला शिवी द्यावी. पण शिवीसुद्धा ऐकून घ्यायला समोर कोणीतरी लागतं. ती काकांकडे गेली.

काका बॅटऱ्या लावत होते. तिच्याकडे न बघता म्हणाले, “मी फक्त कॅमेरा धरतो, पोरी. पण एक सांगतो. कालचं पूर्ण रेकॉर्डिंग अजून मशिनवर आहे. साहेबांचा खरा प्रश्न त्यात ऐकू येतो, चित्रात ते नसले तरी. संध्याकाळी नवं आलं की जुनं पुसतात.” मग जरा घुटमळून म्हणाले, “मी सांगितलं म्हणू नकोस.”

भला माणूस. पण भलेपण असं कुजबुजत राहिलं, तर त्याचा देवाला तरी काय उपयोग?

संपादकांची खोली काचेची. भिंतीवर सात-आठ पडदे, सगळ्यांचा आवाज बंद. हा माणूस दिवसभर जग नुसतं बघायचा. बिट्टीने उभ्यानेच सगळं सांगितलं. संपादकांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

“बाळ,” ते म्हणाले, “या धंद्यात नातीगोती घरी ठेवून यायची असतात.”

“नातं बाजूला ठेवते, सर. प्रश्न बदलला. तो विचारला तेव्हा ती तिथे नव्हतीच.”

“प्रश्नाचा आशय तोच आहे.”

“मग खराच प्रश्न का नाही लावला?”

संपादक हसले. मोठ्या माणसांना उत्तर सुचलं नाही की ते असं हसतात, म्हणजे समोरच्याला आपण लहान आहोत असं वाटतं. “तू शिकाऊ आहेस. चार वर्षं गेली की कळेल.”

“चार वर्षं मावशीकडे नाहीत. आणि सर, त्या चित्रात वेणी दिसतेय.”

“कसली वेणी?”

“माझी.”

त्यांनी बातमी लावली. थांबवली. पुढे वाकले. मग पहिल्यांदा त्या खोलीत कोणाचा तरी आवाज चढला.

“वादळ!”

वादळ आला, अर्धी चड्डी लपवत.

“ही वेणी कोणाची? त्या बाईचे केस एवढेएवढे, आणि खांद्यावर हातभर वेणी? कॅमेरावाल्याने बघितलं नाही, जोडणाऱ्याने बघितलं नाही, तू बघितलं नाहीस? आंधळ्यांचा कारखाना काढलाय का मी?”

बिट्टीला क्षणभर कळेना, हे कशावर चिडलेत. मग कळलं. एका निर्दोष बाईची अब्रू गेली त्यावर नाही. खोटं सांगितलं त्यावर नाही. वेणी दिसली त्यावर. आणि त्यांचंही बरोबरच होतं म्हणा, त्यांच्या शास्त्राप्रमाणे. ऐकणाऱ्याकडे त्या कचेरीत कधी कोणी बघितलंच नव्हतं, मग वेणी दिसणार कोणाला?

“समोरच्या वाहिनीने हे पकडलं तर उद्या आपलीच बातमी,” संपादक म्हणाले. “दुरुस्ती द्यावी लागेल.”

वादळचा चेहरा पांढरा पडला. “सर, माझं नाव—”

“तुझं नाव कशाला? तुझ्या चेहऱ्यावर वाहिनी चालते.” संपादकांची नजर फिरत फिरत बिट्टीवर येऊन थांबली. आता त्या नजरेत चक्क माया होती. “प्रशिक्षणार्थीच्या हातून चूक झाली, असं म्हणू. प्रश्न-उत्तरं जोडताना गफलत झाली. तुझं नाव नाही घेणार. तशीही तू काही दिवसांत जाणारच ना?”

“हो हो,” वादळ म्हणाला, “आणि खुर्चीत तीच होती ना सर! वेणी तिचीच.” म्हणताना त्याने मान अशी डोलवली, शांत, दुःखी, समजूतदार.

बिट्टीच्या कॉलेजात कोण कुठल्या वाहिनीत आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. नाव घ्यायची गरजच नव्हती. ‘काम समाधानकारक’ आता कोण लिहिणार? आणि पुढे कुठल्या कचेरीत उभं करतील? तिला रडू आलं ते तिने गिळलं. इथे रडायचं नाही एवढं ती तिथे नक्की शिकली होती. इथे अश्रू गोळा करतात.

“म्हणा,” ती म्हणाली. “माझी चूक म्हणा. पण सरांचा खरा प्रश्न लावायचा, आणि मावशीचं उत्तर पूर्ण. रात्री पाणी पिते आणि झोपते, इथपर्यंत. मध्ये कात्री नाही.”

“अटी घालतेस?”

“नाही सर. आजच लागलं तर बरं. माझ्या वर्गातल्या मैत्रिणी समोरच्या वाहिनीत शिकतायत, आणि माझी वेणी त्या सगळ्या ओळखतात.”

संपादकांनी टोपण लावलं. वादळला म्हणाले, “बघ, हिच्याकडून शीक काहीतरी.” तेही कौतुकाने! देवा, अशा माणसाचं कौतुक आपल्या वाट्याला आलं की अंघोळ करावीशी वाटते.

दुपारी, जेवून लोक पेंगतात त्या वेळी, भुवयावाल्या बाईने साबणाच्या दोन जाहिरातींमध्ये घाईघाईने वाचलं की एका प्रशिक्षणार्थीच्या चुकीमुळे वगैरे वगैरे. मग मावशीचं उत्तर लागलं. पूर्ण. व्यवस्थापकाचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज लोण्याचा झाला होता, “मी तर पहिल्यापासून म्हणत होतो!”

वाहिनीने शेरा लिहिला नाही. कॉलेजातल्या बाई उमेदवारी परत कर म्हणाल्या, आणि वर्गासमोर म्हणाल्या, निष्काळजीपणा या क्षेत्रात चालत नाही. बिट्टीने ऐकून घेतलं.

घरी मात्र मावशीने तिला फैलावर घेतलं. “माझ्यासाठी खोटं अंगावर घेतलंस? मी सांगितलं होतं तुला?”

“तू उडी मारतेस तेव्हा कोणाला विचारतेस?”

“मी उडी मारते ती वर यायला! तू बुडालीस की, शहाणे.”

“पोरं गटांगळ्या खातातच,” बिट्टी म्हणाली. आईला हसू फुटलं, आणि मावशीने पुतळ्यासारखा केलेला चेहरा तिला फार वेळ टिकवता आला नाही. पण हसून झाल्यावर म्हणाली, “तो केसांना वारा घालून घेणारा परत आला ना, तर मी बघते.”

आणि तो परत आला. लाज नसली की माणसाला कुठेही जाता येतं. दुरुस्तीनंतर मावशीला शाबासकी देणारे फोन वाहिनीकडे यायला लागले होते, तेव्हा संपादकांनी नवा मथळा काढला होता, मावशी परतल्या. बिट्टी तेव्हा तलावाच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसली होती. डबा द्यायला आली होती आणि रमली होती. काकांनी दुरून मान खाली घालून हात केला.

वादळ मावशीसमोर बसला. “मॅडम, लोकांचं एवढं प्रेम बघून कसं वाटतंय? परत तलावावर येताना काय भावना होत्या?” आणि उत्तर सुरू झालं तसा अंगठा मोबाइलवर. मावशी बोलली. थोडंच बोलली, पण सरळ. बोलून झाल्यावर गप्प बसली. हिचं झालं हे वादळला जरा उशिराच कळलं.

“छान! थँक यू मॅडम. या आता तुम्ही.”

मावशी हलली नाही. दुसऱ्या जीवरक्षकाला तिने हाताने खूण केली, बघ जरा पाण्याकडे.

“तुमचा तो उलटा शॉट राहिलाय ना?”

“हो, ते आम्ही करतो. तुम्हाला थांबायची गरज नाही. कोणालातरी बसवतो.”

“कशाला कोणाला? माझा खांदा आहे. विचारा. मघाशी विचारलंत तेच, माझ्या तोंडावर.”

काकांनी निमूट कॅमेरा फिरवला. आज त्यांनी खांदा चित्रात जरा जास्तच घेतला. वादळने केस सारखे केले, कॉलर ओढली, चेहऱ्यावर करुणा आणली आणि तोंड उघडलं. उघडं राहिलं. त्याने काय विचारलं होतं ते त्याला आठवेना. काकांकडे बघितलं. काकांचा डोळा कॅमेऱ्यात. पायरीवरच्या बिट्टीकडे बघितलं. तिला शब्द न् शब्द आठवत होता. तिने पाय पाण्यात हलवले आणि पाण्याकडेच बघत राहिली.

मावशी वाट बघत होती. दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे त्याच्या डोळ्यांत. असं आजवर कोणी त्याच्याकडे बघितलं नसेल. रिकाम्या खुर्च्या कुठे बघतात? त्याच्या मानेवर घाम आला, आणि मान डोलवायचंही त्याला सुचेना.

“मॅडम,” तो शेवटी म्हणाला, “आज... पाणी कसं आहे?”

“ओलं,” मावशी म्हणाली, आणि शिट्टी तोंडाला लावून उठली.